भरल्या बसमध्ये एक सीट रिकामी असेल तर

म्हापसा-पणजी लाईनवर मी 22 वर्षं तिकिटं फाडली, असं म्हणणार होतो. पण आमच्या खासगी बसमध्ये तिकीट देतो कोण? पैसे गोळा केले म्हणूया. तेव्हा बसमध्ये परक्या माणसाला कोणी हिणवलं तर काय करायचं, हे जे सांगतोय ते बसच्या चिंचोळ्या वाटेत उभं राहून शिकलेलं.

गाडी खचाखच भरलीय, तरी एक सीट रिकामी आहे. शेजारी आफ्रिकेचा पोरगा बसलाय. लोक लोंबकळतील, पण तिथे बसणार नाहीत. तुम्ही जाऊन बसा. त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही.

कोणी 'खाप्री' (आमच्याकडे आफ्रिकनांना देतात ती शिवी) म्हणून सुरू झालाच, तर आधी बोलणाऱ्याकडे जाऊ नका. ज्याला बोललं जातंय त्याच्याकडे वळा आणि कुठे उतरणार एवढंच विचारा. बोलणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात. मी त्याच्यासमोर हात पसरायचो, "पात्रांव, सुटे दी," म्हणजे शेठ, सुटे द्या. खिसे चाचपणाऱ्या माणसाला ओरडता येत नाही. तुम्ही त्याला बेतीचा स्टॉप विचारा.

हे मला आधी येत नव्हतं. 2013च्या ऑक्टोबर अखेरीला पर्रा इथे एका नायजेरियनाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला आणि मग एका मंत्र्यानेच नायजेरियनांना कॅन्सर म्हटलं. त्याच दिवसांत ग्रीन पार्कला एका विद्यार्थ्याने हात दाखवला. आतून आवाज आले, "नाका, नाका," म्हणजे नको, नको. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी शिट्टी मारली, गाडी सोड म्हणून. मागच्या दारातून तो हात बराच वेळ दिसत होता.

त्या रात्री ठरवलं, आणि तुम्हीही घरीच ठरवून निघा, कारण स्टॉपवर विचाराला सवड नसते. सकाळी ड्रायव्हरला सांगितलं, हात दाखवला की थांबायचं. एक वाक्यही पाठ केलं, "ताका हांवें चडयला. कितें सांगपाचें तें म्हाका सांग." म्हणजे त्याला मी चढवलंय, काय सांगायचं ते मला सांग. पहिल्यांदा म्हणताना आवाज कापला होता. कापू दे.

मारहाण होत असेल तर 112. नुसती शिवीगाळ असेल तर पोलिसांना बोलवण्याआधी ज्याला शिव्या पडतायत त्यालाच विचारा; व्हिसाच्या भीतीने परदेशी पोरं ठाण्याची पायरी टाळतात. व्हिडिओ काढलात तर शिव्या देणाऱ्याचा काढा आणि तो पीडिताच्याच हवाली करा, फिरवू नका. "हा कुठे आपल्या देशाचा?" असं कोणी म्हणेल. एका वकील पॅसेंजरने मला शिकवलंय: घटनेचं 14वं कलम प्रत्येक व्यक्तीसाठी आहे, फक्त नागरिकांसाठी नाही. मणिपूर-नागालँडच्या मुलींना 'चिनी' म्हणणाऱ्यांना तर एवढंही सांगायला नको, त्या भारतीयच आहेत.

पर्वरीला खाप्रेश्वराच्या वडापाशी हात जोडणारेच पुढच्या स्टॉपवर 'खाप्री' म्हणायचे. एकदा मी म्हटलं, "आत्ता कोणाला नमस्कार केलात?" अर्धी गाडी हसली. तो माणूस खिडकीबाहेर बघत बसला.

सगळ्यात अवघड असतो घरचा माणूस. माझा मेव्हणा कर्नाटकच्या मजुरांना 'घाटी' म्हणतो, आणि जेवणाच्या ताटावर माझी शिट्टी अजून नीट वाजत नाही. चवथीला तो येणार आहे. या वेळी वाक्य पाठ करून ठेवलंय.