फ्री डिशचं चित्र अडतंय? ठाणे-नवी मुंबईच्या गच्च्यांवर होणाऱ्या या चुका टाळा

नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर अजून एखादा काड्यांचा अँटेना दिसतो. गंजलेला, वरळीकडे तोंड करून उभा. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हापासून केबल येईपर्यंत इकडच्या प्रत्येक अँटेनाची दिशा तीच. "नवा बॉक्स घेतला की हाच अँटेना चालेल ना?" असं अजूनही विचारलं जातं. नाही चालणार. प्रसार भारतीने जमिनीवरून होणारं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळजवळ सगळीकडे बंद केलं. मुंबईसह काही शहरांत २०१६ मध्ये डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं होतं, पण त्याला टीव्हीत टी-टू ट्यूनर लागतो आणि दिसतात त्या दूरदर्शनच्याच मोजक्या वाहिन्या.

म्हणून महिन्याचे पैसे न भरता टीव्ही बघायचा तर आज आपल्याकडे व्यवहारी मार्ग एकच, डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली हीच ती सेवा. डिश, एलएनबी (डिशच्या दांडीच्या टोकाला बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), केबल आणि बॉक्स, एवढंच सामान. तरी दर पावसाळ्यात निम्म्या डिश रुसतात, आणि खोट बहुतेक वेळा सामानात नसते, ते लावण्यात असते.

दिशा: नैऋत्य विसरा, आग्नेय धरा

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्वेला आहे. ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून तो आग्नेय दिशेला, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलं तर सुमारे १३१ अंशांवर येतो आणि क्षितिजापासून ५७-५८ अंश वर असतो. (वास्तुवाल्यांच्या कृपेने आग्नेय कुठली हे तरी प्रत्येक घरात माहीत असतं.) जुन्या अँटेनाचा खांब तयार आहे म्हणून त्यावर डिश बसवली आणि सवयीने वरळीकडे वळवली, की दिवसभर फिरवत बसा.

मोबाइलमधला होकायंत्र वापरायला हरकत नाही. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक नगण्य आहे, पण लोखंडी ग्रिल, पाण्याच्या टाकीचं स्टँड किंवा पत्र्याची शेड यांच्याजवळ तो सपशेल खोटं बोलतो. चार-पाच पावलं लांब जा, मोकळ्यात दिशा घ्या, समोर दूरची एखादी खूण हेरा आणि मग खांबापाशी परत या.

दुसरा गोंधळ डिशच्या आकारामुळे होतो. या डिश ऑफसेट असतात. डिशचं तोंड वर ३०-३५ अंशच वळलेलं दिसतं, पण ती पाहते ५७ अंशांवर. "फारच खाली बघतेय" म्हणून लोक ती आणखी वर उचलतात आणि उपग्रह हातचा जातो. डोळ्यांवर जाऊ नका, ब्रॅकेटवरची अंशांची पट्टी बघा. मात्र खांब सरळ नसेल तर पट्टीही चुकीचं सांगते. गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी लावून बघायला दोन मिनिटं लागतात. हे काम मेकॅनिक हमखास गाळतात.

एलएनबीसुद्धा दांडीत सरळ खोचून भागत नाही. आपल्या अक्षांशावरून हा उपग्रह तिरका दिसतो, त्यामुळे एलएनबी स्वतःभोवती बरीच, जवळपास ४५ अंशांपर्यंत फिरवावी लागू शकते. डिश बसली की हे शेवटी करा: स्क्रू सैल करून हळूहळू फिरवा आणि जिथे टीव्हीवर दिसणारा सिग्नलच्या क्वालिटीचा आकडा सर्वांत वर जाईल तिथे घट्ट करा.

जागा आधीच तपासायची असेल तर सूर्य मदत करतो. दरवर्षी १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि १ ऑक्टोबरच्या आसपास अकराच्या जरा आधी सूर्य आपल्याला नेमका त्या उपग्रहाच्या जागी दिसतो. त्या वेळी तुमच्या ग्रिलच्या कोपऱ्यावर थेट ऊन असेल तर तिथे डिश चालणार. सावली असेल, तर सावली ज्याची तोच अडथळा. याच दिवसांत या वेळेला चित्र काही मिनिटं फाटतं किंवा जातं, कारण डिशच्या समोर उपग्रहाच्या पाठीशी सूर्य आलेला असतो. तेव्हा पाना घेऊन गच्चीवर धावू नका, आपोआप परत येतं.

समोरच्या टॉवरला उगाच शिव्या

घोडबंदर रोडला "समोर टॉवर झाला, म्हणून सिग्नल गेला" हे ठरलेलं वाक्य आहे. हिशोब करून बघा. उपग्रह ५७ अंश वर आहे म्हणजे समोरची इमारत जितकी लांब, त्याच्या दीडपटीहून जास्त ती तुमच्या डिशच्या वर गेली तरच आड येते. वीस मीटरवर उभा टॉवर तुमच्या डिशपासून सुमारे ३१ मीटर, म्हणजे दहा मजले वर हवा, आणि तोही आग्नेयेलाच. पारसिकचा डोंगर तर हिशोबातच येत नाही.

खरा चोर बहुतेक घरातलाच असतो: वरच्या मजल्याचा छज्जा. तो डिशच्या पुढे एक मीटर आलेला असेल तर डिश त्याच्या निदान पावणेदोन मीटर खाली हवी, आणि बाल्कनी नेमकी आग्नेयेला नसून पूर्वेला किंवा दक्षिणेला असेल तर आणखी खाली. म्हणून डिश ग्रिलच्या आत, कपड्यांच्या दोरीशेजारी बसवू नका. लांब दांडीच्या ब्रॅकेटने बाहेर काढा. उत्तर किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत तर प्रयत्नच करू नका, थेट गच्ची गाठा. गच्चीवर सोसायटीने पावसाळी शेड घातलेली असेल तर डिश पत्र्याच्या कडेबाहेर हवी. पत्र्यातून काहीही येत नाही. झाडांचं मात्र लक्षात राहत नाही. उन्हाळ्यात डिश लावताना समोरचं झाड विरळ असतं. ऑगस्टपर्यंत ते भरतं, ओल्या पानांनी सिग्नल खातं, आणि आपण दोष पावसाला देतो.

ताकद नव्वद, चित्र शून्य

कळव्याच्या एका काकूंचा फोन असाच होता: "अरे, स्ट्रेंग्थ नव्वद दाखवतंय, मग चित्र का नाही?"

"काकू, त्याच्या खालचा आकडा किती?"

"क्वालिटी? शून्य."

तिथेच उत्तर होतं. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून काहीतरी येतंय एवढंच. एलएनबी जोडली आणि डिश भिंतीकडे वळवली तरी तो आकडा वर राहतो. क्वालिटी म्हणजे बॉक्सला त्यातलं कळतंय का. जत्रेतला भोंगा खूप मोठ्याने ओरडतो पण शब्द कळत नाही, तसं हे. डिश फिरवताना नजर फक्त क्वालिटीवर ठेवा. स्ट्रेंग्थ वाढवायला बूस्टर घेणं म्हणजे भोंग्याचाच आवाज वाढवणं.

क्वालिटी येऊन ती खालीच अडकते, किंवा भलत्याच वाहिन्या सापडतात, त्याचं नेहमीचं कारण म्हणजे शेजारचा उपग्रह. जुनी खासगी डीटीएचची डिश वापरणाऱ्यांना हे फार छळतं. ती डिश वापरता येते, फक्त ती दुसरीकडे बघत असते: टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर, एअरटेलचा १०८.२ वर, डिश टीव्हीचा ९५ वर. टाटाची डिश असेल तर ठाण्यात ती सुमारे वीस अंश पूर्वेकडे वळवून सात अंश खाली आणावी लागते. एअरटेलची असेल तर उलट: सोळा अंश दक्षिणेकडे आणि तेरा अंश वर. डिश टीव्हीची डिश मात्र जवळजवळ जागेवरच असते, जेमतेम दोन अंश फिरवायची, आणि म्हणूनच फसवते. (ते सामान कंपनीने भाड्याने दिलेलं नाही ना, हेही आधी बघा.)

फिरवायला सुरुवात करण्याआधी बॉक्सच्या मेनूत जीसॅट-१५ निवडा. जुन्या बॉक्समध्ये ते इन्सॅट-४बी किंवा डीडी डायरेक्ट प्लस नावाने असतं, पण अंश तेच ९३.५. एलएनबीची फ्रीक्वेन्सी नेहमीच्या युनिव्हर्सल एलएनबीला ९७५० आणि १०६००. हे चुकीचं असेल तर डिश कितीही अचूक बसो, क्वालिटी येणार नाही. मग एक जण गच्चीवर, एक टीव्हीसमोर, दोघांचा फोन चालू. वरच्याने डिश बोटभर हलवायची आणि थांबायचं, कारण बॉक्सला आकडा दाखवायला दोन-तीन सेकंद लागतात. "आलं, आलं… गेलं!" हा गच्चीवरचा सर्वांत जुना संवाद केवळ घाईमुळे होतो.

अर्ध्या इंचाची पिन

आता सर्वांत दुर्लक्षित जागा: केबलच्या टोकाची पिन. चित्र अधूनमधून फाटत असेल तर पहिल्यांदा एलएनबीखालची पिन उघडा. आधी बॉक्सचा स्विच बंद करा, कारण याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात आणि उघडताना शॉर्ट झालं तर एखाद्या स्वस्त बॉक्सचं पोर्टच जळतं. पिन काढून उजेडात धरा. मधली तार तांब्याच्या रंगाची आणि स्वच्छ हवी. ती काळी पडली असेल किंवा मुळाशी हिरवट पूड जमली असेल तर पाणी आत शिरलंय. केबलच्या आतल्या तारांच्या जाळीचा एखादा केसाएवढा धागा मधल्या तारेला टेकलेला असतो, तेवढ्यानेही सगळं बंद पडतं. टोक दोन-तीन इंच मागे कापा, जाळी नीट मागे दुमडा, नवी पिन बसवा, आणि मधली तार पिनच्या तोंडाबाहेर दोनेक मिलिमीटर येऊ द्या. वर रबरी टोपी किंवा पाणी न शिरणारी टेप लावा. साधी इलेक्ट्रिकची टेप जूनच्या दुसऱ्या पावसातच सुटते.

केबल एलएनबीतून सरळ खिडकीत आणू नका. आधी थोडी खाली लोंबू द्या आणि मग वर वळवून आत घ्या, म्हणजे पाणी वळणाच्या तळाशी ठिबकतं, घरात येत नाही. केबल आरजी-६ च हवी. बिल्डरने भिंतीतून आधीच टाकलेली जुनी केबल वापरायचा मोह होतो, पण तिच्या वाटेत डक्टमध्ये केबलवाल्याचा स्प्लिटर (एका केबलचा सिग्नल अनेकांत वाटणारा तुकडा) बसलेला असतो, आणि तो साधारण १००० मेगाहर्ट्झपर्यंतचाच असतो. एलएनबीकडून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत सिग्नल येतो, शिवाय स्प्लिटरने वर जाणारा विद्युतप्रवाहही अडतो. दोन टीव्ही चालवायचे असतील तर दोन तोंडांची एलएनबी आणि दोन केबल. शंका असेल तर नवी केबल गच्चीवरून थेट खिडकीतून आत घेऊन बॉक्सला जोडा. चित्र आलं तर दोष भिंतीतल्या केबलचा.

गच्ची सोसायटीची असते

गच्चीच्या फरशीत ड्रिल मारून खांब रोवणं ही सगळ्यांत महागडी चूक. खाली ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वॉटरप्रूफिंग असतं, त्याला भोक पडलं की पुढच्या जुलैत सर्वांत वरच्या मजल्यावरचे काका छतावरचा ओला डाग दाखवायला येतात, आणि वाद डिशपुरता राहत नाही. ब्रॅकेट कठड्याच्या आतल्या उभ्या बाजूला लावा, नाहीतर सिमेंटच्या जड ठोकळ्यात खांब बसवा. सेक्रेटरींची लेखी परवानगी आधी घ्या. खाडीकडच्या सोसायट्यांत, ऐरोली-कोपरखैरण्यापासून बेलापूरपर्यंत, साधं रंगवलेलं लोखंड खाऱ्या हवेत फार टिकत नाही. गॅल्व्हनाइझ केलेले नट-बोल्टच घ्या. आणि विजेच्या तारांपासून लांब राहा.

पाऊस आणि एप्रिल

जोराच्या सरीत काही मिनिटं चित्र जाणं हा बिघाड नाही. ज्या केयू बँडमध्ये (फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यात) हा सिग्नल येतो तो मुसळधार पाऊस शोषून घेतो. ६० सेंटीमीटरऐवजी ७५ किंवा ९० ची डिश घेतली तर फरक पडतो, आणि अचूक दिशेनेही पडतो: कोरड्या दिवशी क्वालिटी कशीबशी काठावर असेल तर रिमझिममध्येही चित्र जाईल. सर थांबून अर्धा तास झाला तरी येत नसेल तेव्हा मात्र पिन बघा. गडगडाट सुरू झाला की बॉक्सची केबल काढून ठेवा.

एप्रिलमधली तक्रार वेगळी. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने ठरतात, नवं वर्ष १ एप्रिलपासून चालू होतं, आणि काही वाहिन्या जातात, काही सरकतात. सह्याद्री दिसतेय आणि बाकी काहीच नाही, तर डिशला हात लावू नका, मेनूत जाऊन पुन्हा स्कॅन करा. तरी काही वाहिन्या येत नसतील तर बॉक्स बघा: एमपीईजी-२ आणि एमपीईजी-४ या चित्र आक्रसून पाठवण्याच्या जुन्या-नव्या पद्धती, आणि जुना एमपीईजी-२ चा बॉक्स एमपीईजी-४ मधल्या वाहिन्या दाखवूच शकत नाही. सगळ्याच वाहिन्या एकदम गेल्या तर केबल किंवा एलएनबी. सकाळी नीट आणि भर उन्हात दुपारी फाटत असेल तर म्हातारी झालेली एलएनबी. वाऱ्यात फाटत असेल तर खांब हलतोय. संक्रांतीनंतर बिघडलं असेल तर एलएनबीच्या दांडीला गुंडाळलेला मांजा शोधा, सापडतो.

मेकॅनिक बोलावलात तर पैसे देण्याआधी त्याच्यासमोर क्वालिटीचा आकडा बघून फोटो काढून ठेवा, आणि डिश जिथे घट्ट केली तिथे ब्रॅकेट आणि खांब यांच्यावरून पक्क्या मार्करने एकच रेघ मारायला सांगा. पुढच्या वेळी रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले तर डिश हलली आहे. जुळत असतील तर पाना खाली ठेवा आणि पिनकडे वळा.