लॅमिनिन, सीएसपीजी आणि चेतातंतूंची वाढ: या चुका टाळा

डीआरजीच्या, म्हणजे कण्यालगतच्या संवेदी चेतापेशींच्या गुच्छांच्या, कल्चरमध्ये चेतातंतू वाढले नाहीत की पहिला संशय पेशींवर जातो. पेशी सुट्या करणारं कोलॅजिनेज जास्त वेळ राहिलं असेल, तंतूंच्या वाढीसाठी घालायचं एनजीएफ जुनं झालं असेल. पेशींच्या खाली नेमकं काय अंथरलंय, ते कुणी तपासत नाही. मॅट्रिक्सचे, म्हणजे पेशींबाहेरच्या जाळ्याचे, रेणू वाढीला मदत करतात की अडवतात हे शोधायचं असेल, तर तपासणी तिथूनच सुरू व्हायला हवी.

सगळ्यात जास्त नासाडी लॅमिनिनची, म्हणजे तंतूंना आधार देणाऱ्या मॅट्रिक्समधल्या प्रथिनाची, होते. दुपारी पेशी लावायच्या असतात, म्हणून उणे 80 अंशांवरून काढलेली कुपी सरळ 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये जाते. घट्ट लॅमिनिनला ऊब मिळाली की त्याचे रेणू एकमेकांना जुळतात आणि गाठी होतात. द्रावण डोळ्यांना स्वच्छ दिसू शकतं, पण कव्हरस्लिपवर, म्हणजे पेशी वाढवायच्या काचेच्या चकतीवर, थर ठिगळाठिगळांनी बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली एका कोपऱ्यात तंतूंचं दाट जाळं दिसतं आणि शेजारीच गोल, बोडक्या पेशी. मग फोटो जाळ्याचे काढले जातात, मोजमापही तिथलंच होतं, आणि पुढचा प्रत्येक आलेख खोटा ठरतो.

कुपी आदल्या संध्याकाळी बर्फाच्या डब्यात घालून 4 अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा. कव्हरस्लिपवर आधी पेशी चिकटवणारं पॉली-डी-लायसिन, 100 मायक्रोग्रॅम प्रति मिली, एक तास. मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा; सुटं लायसिन राहिलं तर पेशी मरतात. लॅमिनिनचा स्टॉक 1 मिग्रॅ प्रति मिली असेल तर 10 मायक्रोलिटर घेऊन थंड पीबीएसने (क्षारांच्या बफरने) 1 मिली करा. 12 मिमीच्या कव्हरस्लिपवर याचे 100 मायक्रोलिटर पुरतात. इतकं पातळ केल्यावर 37 अंशांवर दोन तास ठेवलं तरी चालतं. पेशी टाकताना एकेक कव्हरस्लिप घ्या: द्रावण ओढा, लगेच माध्यम घाला. लॅमिनिनचा थर सुकू देऊ नका. उरलेली कुपी पुन्हा गोठवू नका. महाग आहे म्हणून ती गोठवणारे पुढचा अख्खा प्रयोग घालवतात.

दुसरी चूक जास्त घातक, कारण तिच्यातून निष्कर्ष निघतो. ॲग्रेकॅन हे सीएसपीजी, म्हणजे साखरेच्या साखळ्या लटकलेलं प्रथिन, लॅमिनिनमध्ये मिसळून थर दिला, तंतू कमी वाढले, लगेच पोस्टर तयार: सीएसपीजी वाढ रोखतं. प्रयोगशाळांमधून हा प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. कुणीतरी उशिरा त्या थरावर लॅमिनिनची अँटिबॉडी लावतं, तेव्हा कळतं की ॲग्रेकॅनने जागा अडवल्यामुळे लॅमिनिन मुळात बसलेलंच नव्हतं. पेशींना मनाई कुणी केलेली नव्हती, आधारच मिळाला नव्हता. सीएसपीजी वाढ अडवतं हे खरंच आहे; पीटीपी-सिग्मा हा त्याचा ग्राहक रेणू 2009 साली दाखवला गेला. पण तुमच्या थाळीत तेच घडलं हे तुम्हीच सिद्ध करायचं. प्रत्येक बॅचमधली एक कव्हरस्लिप पेशींविना ठेवा आणि लॅमिनिनसाठी रंगवा. दुसरीवर तोच मिश्र थर द्या आणि त्या साखळ्या तोडणाऱ्या काँड्रॉयटिनेज एबीसी या विकराने पचवा. लॅमिनिन तितकंच असूनही पचवल्यावर वाढ परतली, तरच दोष साखरेच्या साखळ्यांचा.

हे विकर नाजूक आहे. पीएच 8 च्या आसपास ते उत्तम चालतं, जस्ताने दबतं, आणि 37 अंशांवर काही दिवसांतच बरंचसं निकामी होतं. म्हणून तर 2010 मध्ये त्याला ट्रेहॅलोज या साखरेने टिकवण्याचा मार्ग काढावा लागला. विकर घातलं म्हणजे पचन झालं असं धरू नका. अखंड साखळ्या ओळखणाऱ्या सीएस-56 अँटिबॉडीचं रंगणं घटलं आणि तोडल्यावर उरलेले बुंधे ओळखणाऱ्या 2बी6 चं वाढलं, की मगच विश्वास ठेवा. कंट्रोल म्हणून नुसता बफर अपुरा आहे, या साखळ्या न तोडणारं पेनिसिलिनेज हे विकर वापरा. आणि ‘सीएसपीजी काढून टाकलं’ असं लिहू नका, गाभ्याचं प्रथिन जागेवरच असतं.

प्राण्यांवरच्या कामात कापलेल्या नसेची टोकं सांधायला बसवलेल्या, जेल भरलेल्या नळीचे दावे फार घाईने होतात. उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, पायाच्या सायटिक नसेत 10 मिमीचं अंतर सिलिकॉनची रिकामी नळीसुद्धा सांधते. कापलेल्या टोकांतून पाझरलेल्या द्रवातून पहिल्या आठवड्यात फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा) दोर तयार होतो, त्यावरून तंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशी सरकतात आणि मागोमाग तंतू. 15 मिमीला हा दोर बहुधा जमत नाही. त्यामुळे तुमच्या जेलची परीक्षा 15 ला घ्या, आणि रिकाम्या नळीचा गट दोन्ही अंतरांना ठेवा. घट्ट जेल भरून रिकाम्या नळीपेक्षा वाईट निकाल येऊ शकतो, कारण तंतूंना त्यातून वाटच मिळत नाही.

चिरडलेली नस आणि कापलेली नस एकाच तक्त्यात घालू नका. चिरडल्यावर बेसल लॅमिनाच्या, म्हणजे तंतूंभोवतीच्या पातळ मॅट्रिक्स-आवरणाच्या, नळ्या शाबूत राहतात, त्यामुळे तंतूंना जुनी वाट तयारच मिळते.

पेशी आहेत तशा स्थिर करणारं 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड 37 अंशांवर आणूनच घाला. थंडगार घातलं तर तंतू मण्यांसारखे फुगून तुटतात आणि ती तूट सीएसपीजीच्या नावावर जमा होते.