रोबोटच्या केसला उभं राहताना

संभाजीनगरात आमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) रोबोटच्या ऑपरेशनला नव्या नर्स पोरी आल्या की त्यांचं सगळं लक्ष कन्सोलवर (जिथून रोबोट चालवतात तिथं) बसलेल्या सर्जनकडं. अगं, ते बसलेत तिकडं बाजूला, हातमोजेसुद्धा न घालता. पेशंटजवळ असिस्टंट डॉक्टर आणि आपणच.

पेशंट आत यायच्या आधी रोबोटच्या आर्म्सना (हातांना) ड्रेप, म्हणजे निर्जंतुक प्लास्टिकचं आवरण, घालून ठेवा. एक स्क्रब झालेली (हात धुऊन निर्जंतुक गाऊन-हातमोजे घातलेली), एक बाहेरून ओढणारी. सांध्यापाशी प्लास्टिक जरा सैल सोडा, नाहीतर आर्म वळला की फाटतं. मशीन यूपीएसवर आहे ना, तेही बघून घ्या. लाइटचं आपल्याकडं काय सांगावं!

प्रोस्टेटची केस असेल तर टेबल डोक्याकडून 25–30 अंश खाली जातं. म्हणून जेल पॅड, हात अंगालगत, डोळ्यांवर पट्टी. आधीच टेबल वाकवून पेशंट घसरतो का बघा. आर्म पोर्टला (हत्यारं पोटात घालायच्या नळीला) जोडल्यावर टेबलाला हात लावायचा नाही. पोर्ट पोटाच्या भिंतीत रुतलेले आणि आर्म जागेवर घट्ट. टेबल हललं तर भिंतच फाटेल. टेबल मशीनशी जोडलेलं असेल तरच अपवाद.

पोटात कार्बन डायऑक्साइड साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. दोन पोर्टमध्ये चार बोटं अंतर, नाहीतर आर्म बाहेर एकमेकांवर आदळतात. कॅमेऱ्याला व्हाइट बॅलन्स द्या (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून), टोक गरम निर्जंतुक पाण्यात बुडवून घ्या, धुकं धरत नाही. हत्यार आत सरकवताना टोक स्क्रीनवर दिसलंच पाहिजे. हत्यार किती वेळा वापरलं ते मशीन मोजतं आणि मर्यादा संपली की घेतच नाही, म्हणून जादाचं काढून ठेवा.

आता खरं काम. रक्तस्राव झाला आणि पोट उघडायचं ठरलं, तर हत्यारांची पकड सोडवा, ती सरळ करून काढा, मग कॅमेरा, मग आर्म पोर्टवरून सोडवून आर्म्सची गाडी मागं. पकड अडकली तर सोडवायची चावी ट्रॉलीवरच हवी, कपाटात नको. कोण काय करणार ते केसआधीच मोठ्यानं बोलून घ्या. लॅपरोटॉमीचा (पोट उघडायचा) सेट मोजून तयार ठेवा, लागो न लागो.

बाहेर गेवराईकडचे नातेवाईक विचारतात, "मशीनवर सोडून डॉक्टर चहाला जातेत का?" हसू नका. सांगा, मशीन आपणहून काही कापत नाही. डॉक्टरांनी डोकं कन्सोलमधून बाहेर काढलं की हत्यारं जागच्या जागी थांबतात.

केस संपली की हत्यारं लगेच ओली करून आतल्या नळ्या फ्लश करा. वाळलेलं रक्त नंतर निघत नाही, आणि सीएसएसडीवाले (हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागातले) शिव्या आपल्यालाच घालतात.