बेक्ड भाज्या : सगळी मेख व्हाइट सॉसमध्ये

हुरड्याच्या दिवसांत आमच्या परभणीच्या बाजारात फुलकोबी, गाजर, मटार ताजे मिळतात. बेक्ड भाज्या कराव्यात त्या तेव्हाच. ६ माणसांना पाऊण किलो चिरलेल्या भाज्या पुरतात. मी मटार निम्मेच घेते आणि बाकी कोवळा हुरडा घालते. दुधाच्या सॉसमध्ये त्याची गोडी फार छान लागते.

हुरडा सोडून बाकी भाज्या मिठाच्या पाण्यात ४ मिनिटं उकळा, निथळा, सुती कपड्यावर पसरून कोरड्या करा.

आता सॉस. माझ्या पहिल्या चार-पाच खेपा इथेच वाया गेल्या. ‘कढत दूध एकदम ओता आणि भराभर ढवळा’ हा सल्ला मला मिळाला होता, अजूनही सर्रास दिला जातो. ऐकू नका. गरम मैद्यावर कढत दूध पडलं की पिठाचा बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो आणि आत कोरडं पीठ अडकतं. मग हात दुखेपर्यंत ढवळलं तरी गुठळी मोडत नाही. गुठळ्या झाल्याच, तर बारीक गाळणीतून गाळा.

३ मोठे चमचे लोणी वितळवा, तेवढाच मैदा घाला, मंद आचेवर २ मिनिटं परता. कच्चा वास जायला हवा, पण रंग पांढराच राहायला हवा. मग पातेलं खाली उतरवा. हे उतरवणं टाळू नका. तापवून पूर्ण निवलेलं अर्धा लिटर दूध घ्या, त्यातलं आधी अर्धी वाटीच घाला आणि रवीने गुळगुळीत घोटा. मग पुढची अर्धी वाटी. निम्मं दूध जिरलं की उरलेलं एकदम ओतलं तरी चालतं.

पातेलं परत गॅसवर ठेवून ढवळत राहा. उकळी येईपर्यंत सॉस पातळच दिसतो. घाबरून वरून मैदा भुरभुरू नका. मी ते केलंय आणि अख्खं पातेलं टाकून दिलंय. उकळी फुटली की दोन मिनिटांत तो दाटतो. कढीहून दाट, पिठल्याहून सैल झाला की गॅस बंद करा, कारण ओव्हनमध्ये तो आणखी आळतो. मैद्याऐवजी ज्वारीचं पीठ वापरून पाहिलं, सॉस रवाळ लागतो. ते भाकरीलाच ठेवा.

मीठ, मिरपूड, ठेचलेला लसूण, २ हिरव्या मिरच्या घाला. भाज्या आणि हुरडा मिसळून भांड्यात पसरा, वर किसलेलं चीज.

आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर २० ते २५ मिनिटं, वरून सोनेरी होईपर्यंत. मध्येच लाईट गेली तर दार उघडू नका, आतली ऊब बराच वेळ टिकते.

बाहेर काढल्यावर १० मिनिटं हात लावू नका, नाहीतर सॉस ताटभर पळतो. तेवढ्यात भाकऱ्या होतात. सोबत मिरचीचा ठेचा हवाच.