डायकास्ट सुपरकार जमवताय? मी केलेल्या या चुका टाळा

माझी पहिली डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली, १:१८ ची (खरीच्या अठराव्या भागाएवढी) गाडी म्हणजे फेरारी एफ४०, आणि ती मी अगदी चुकीच्या कारणासाठी घेतली. दुकानात हातात घेतली, जड लागली, दारं उघडली, दुकानदार म्हणाला फुल मेटल आहे साहेब, झालं, पैसे देऊन मोकळा. महिनाभर येईल त्याला दाखवत होतो. मग एकदा खऱ्या एफ४० चे फोटो नीट बघायला बसलो तर मागच्या पारदर्शक कव्हरला आरपार फटी आहेत, इंजिनाची गरम हवा बाहेर जायला, आणि माझ्या गाडीवर त्या जागी नुसत्या काळ्या रेघा मारलेल्या. खऱ्या गाडीला वजन वाचवायला रंग इतका पातळ मारायचे की खालची कार्बन-केव्हलारची वीण दिसते, आणि माझ्या मॉडेलवर रंगाचा असा थर की बोनेटच्या कडा अर्ध्या बुजलेल्या. म्हणजे मी गाडी बघून नाही तर वजन बघून घेतली होती.

जवळजवळ प्रत्येक नवीन कलेक्टर हीच चूक करतो. जड म्हणजे भारी, मेटल म्हणजे ओरिजिनल. डायकास्टमधलं मेटल म्हणजे झॅमॅक, जस्तात थोडं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं घातलेला मिश्रधातू. साच्यातून निघालेली जस्ताची बॉडी तशी खडबडीत असते, ती घासायची, भरायची, वर प्रायमर आणि मग रंग, आणि या सगळ्यात कडांची धार जाते. म्हणूनच ऑटोआर्ट या मॉडेल कंपनीने बऱ्याच १:१८ गाड्यांची बॉडी मेटलऐवजी कॉम्पोझिटमध्ये, म्हणजे सरळ भाषेत प्लास्टिकमध्ये, करायला घेतली आणि आत वजनासाठी धातू ठेवला. तेव्हा लोकांनी जाम आरडाओरडा केला, मी पण त्यातलाच, पण ती गाडी शेजारी ठेवून बघितली की कडा आणि जाळ्या जास्त बारीक निघाल्यात हे मान्य करावं लागतं. हातात घेतल्यावर मजा येत नाही हेही खरंच. तुम्हाला बघायला हवीये की हातात धरायला, ते आधी ठरवा आणि मग भांडा.

तुलना करताना दुसरा घोळ असतो मापाचा आणि व्हर्जनचा. एफ४० ची खरी लांबी ४३५८ मिलिमीटर, म्हणजे १:१८ मध्ये ती २४.२ सेंटिमीटर भरायला हवी आणि १:६४ मध्ये साधारण ६.८. घरात पट्टी असतेच, मोजायला दोन मिनिटं पण लागत नाहीत. हॉट व्हील्सच्या मेनलाइनला, म्हणजे त्यांच्या साध्या स्वस्त गाड्यांना, मात्र हा हिशोब लावू नका, तिथे १:६४ हे फक्त म्हणायला असतं, ब्लिस्टरमध्ये (कार्डावरच्या प्लास्टिकच्या कप्प्यात) आणि ट्रॅकवर बसावं म्हणून छोटी गाडी काय आणि ट्रक काय, सगळे जवळपास एकाच लांबीचे. त्यामुळे मेनलाइन आणि मापात बनवलेली मिनी जीटी कंपनीची गाडी शेजारी ठेवून "ही चुकीच्या मापाची" म्हणणाऱ्यांनी आधी दोघांची किंमत बघावी.

व्हर्जनची गंमत तर लॅम्बोर्गिनीच्या काउंटाचमध्ये. (इटलीत म्हणे कुन्ताश म्हणतात, आपल्याकडे तसं म्हटलं तर दुकानदार दुसरीच गाडी काढून देईल.) १९७४ ची एलपी४०० एकदम सडपातळ, चाकांवर फुगवटे नाहीत, मागे विंग नाही. फुगवटे आणि रुंद टायर १९७८ च्या एलपी४०० एस पासून आले, १९८५ ला एलपी५००० क्यूव्ही, आणि १९८८ ला कंपनीच्या २५ वर्षांची स्पेशल एडिशन. आता एकाने एलपी४०० घेतली, दुसऱ्याने क्यूव्ही, आणि दोघं वाद घालतायत की कुठल्या कंपनीने शेप बरोबर पकडलाय. अरे, गाड्याच वेगळ्या आहेत! आधी खऱ्या गाडीचं साल आणि व्हर्जन पक्कं करा, त्याच व्हर्जनचे चारही बाजूंचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि मगच मॉडेल बघा.

फोटोवरून ठरवणार असाल तर अजून एक. मोबाईल गाडीच्या नाकाला चिकटवून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो, मग आपण म्हणतो शेप गंडलाय. दोन-तीन फूट मागे जाऊन झूम करून काढलेले फोटो मागवा, बाजूने, चाकाच्या उंचीवरून.

बघायचं काय? सगळ्यात आधी गाडी कशी बसलीये ते. सुपरकार जमिनीला चिकटलेली दिसली पाहिजे, चाक आणि कमान यात बोट जात असेल तर ती सुपरकार नाही, जीप आहे. मग हेडलाइट, स्वस्त गाडीत काचेच्या आत मधोमध बसवायची खुंटी दिसते, डोळ्यात फूल पडल्यासारखी. मग चाक हळूच फिरवा आणि ब्रेकच्या कॅलिपरकडे (डिस्कला धरणाऱ्या चिमट्याकडे) बघा, फक्त डिस्क फिरायला हवी, पण बऱ्याच बजेट गाड्यांमध्ये लाल कॅलिपर पण चाकाबरोबर गरगर फिरतो. मेटॅलिक रंगातले कण जाड असतील तर गाडी लगेच खेळणं वाटते. कार्बन फायबरच्या विणीचं मात्र उलटं आहे, खरी वीण मिलिमीटरमध्ये मोजायची, ती अठराने भागली की डोळ्याला दिसायलाच नको, तरी सगळे कंपनीवाले ती मोठी करून छापतात कारण गिऱ्हाइकाला ती दिसायला हवी असते. त्यावरून मार्क कापायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी कापत नाही.

आणि रेझिनची, म्हणजे साच्यात राळ ओतून केलेली, सीलबंद गाडी मेटलच्या उघडणाऱ्या गाडीशी तोलू नका. रेझिनमध्ये बहुतेक वेळा काहीच उघडत नाही, पण दाराच्या फटी एकदम रेघेसारख्या असतात. उघडणाऱ्या गाडीत बिजागरीला जागा लागते, स्वस्तात तर कुत्र्याच्या पायासारखा वाकडा पत्रा आणि त्याच्यासाठी डॅशबोर्डच्या बाजूला मोठी खाच. पण मॅकलॅरन एफ१ सारखी गाडी, जिथे ड्रायव्हर मधोमध बसतो आणि इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा पत्रा लावलेला असतो, ती मला बंद घ्यावीशी वाटत नाही, उघडून दाखवायचंच काहीतरी आहे तिच्यात.

पैशाचं पटकन सांगतो. बाहेरच्या साइटवरची किंमत रुपयात करून खूश होऊ नका, खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, शिवाय वर जीएसटी आणि कुरियर. ओळख नसलेल्या माणसाला कलेक्टरांच्या ग्रुपवर फुल ॲडव्हान्स देऊ नका, हातात गाडी धरून आजच्या तारखेच्या चिठ्ठीसकट व्हिडिओ मागा, खरा विकणारा चिडत नाही. सुपर ट्रेझर हंट (हॉट व्हील्सची दुर्मीळ गाडी) म्हणून विकतात त्यात साध्या गाडीला चमकता रंग आणि रबरी टायर लावून कार्ड परत चिकटवलेलं असू शकतं, तेव्हा ब्लिस्टरच्या कडा उजेडात धरून बघा. आणि जुन्या हॉट व्हील्स फेरारी महाग का असं विचारतात, तर २०१५ पासून फेरारीचं लायसन्स बुरागो या दुसऱ्या मॉडेल कंपनीकडे गेलं आणि हॉट व्हील्सच्या नव्या फेरारी कितीतरी वर्षं आल्याच नाहीत.

आता खरा शत्रू, आपला पाऊस. मुंबई-ठाणे-कोकणात राहता आणि गाडी डब्यात बंद करून ठेवलीत की सुरक्षित, असं वाटत असेल तर माझी चूक ऐका. एका नावाजलेल्या कंपनीची काळी गाडी मी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली तशीच फोममध्ये ठेवली, जूनमध्ये ठेवली आणि थेट दिवाळीत काढली, तर छपरावर पुरळ उठावी तसे बारीक फोड. ओलावा कागदाखाली अडकून बसतो. ते फोड बसत नाहीत, पॉलिश केलं तर रंग जातो. त्यामुळे रंगाला चिकटणारा कागद काढून टाका, काचेचं कपाट वापरा, आत सिलिका जेल ठेवा, आणि निळं जेल गुलाबी झालं की बदला किंवा तापवून कोरडं करा, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको. डांबराच्या गोळ्या कपाटात अजिबात नको, त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडतं. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट दोन इंच पुढे ओढा. खिडकीचं ऊन पण नको, लाल आणि पिवळा रंग आधी उडतो.

टायर स्टँडला चिकटलेत? ओढू नका, हळूहळू हलवत सोडवा. टायर मऊ ठेवायला घातलेला तेलकट पदार्थ बाहेर येतो आणि खालचं प्लास्टिक विरघळवतो, म्हणून एकतर चाकांखाली पातळ पारदर्शक शीट ठेवा नाहीतर गाडी पोटाखाली ठोकळा देऊन चाकं अधांतरी ठेवा.

आरसा तुटला तर इन्स्टंट ग्लू नको. त्याच्या वाफेने काचेवर आणि रंगावर पांढरी साय धरते, मी एका गाडीची अख्खी बाजूची काच अशी घालवलीये. साधा पांढरा फेविकॉल टाचणीच्या टोकावर घेऊन लावा आणि रात्रभर विसरून जा. धूळ झाडायला मेकअपचा मऊ ब्रश, वरून खाली, काच पुसायचा स्प्रे किंवा थिनर नको, छापलेले लोगो निघून येतात. दार अडकलं तर नखाने उचकटू नका, लाकडी टूथपिक वापरा.

बॉडीला आपोआप चिरा पडून ती फुगत असेल तर मात्र इलाज नाही. तो झिंक पेस्ट (इंग्रजी pest, म्हणजे जस्ताची कीड), कारखान्यात धातूत शिशासारखी भेसळ राहिली की वर्षांनी आतून तडे जातात, दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी कंपनीच्या खेळण्यातल्या गाड्यांना हे खूप झालंय. दमटपणाने वेग वाढतो, पण शेजारच्या गाडीला लागण होत नाही, तेव्हा घाबरून अख्खं कपाट विकायला काढू नका. जुनी गाडी घेताना फक्त चेसिसखाली टॉर्च मारून बघा.

आणि बॉक्स जपा, आतल्या थर्माकोलसकट. घर बदलताना किंवा विकताना तो नसेल तर गाडी पाठवायची कशात? माझ्या एफ४० चा थर्माकोल थर्माकोलबंदीच्या आधीच्या एका गणपतीत आईने मखराच्या खांबाला लावला, खांब सुंदर झाला होता, गाडी तेव्हापासून टॉवेलात गुंडाळून प्रवास करते.