५० जीबी, ६७ मिनिटं

परदेशात उतरल्यावर पहिल्या दिवशी सिम घेतलं जातं, आणि घरी नेट लागेपर्यंत त्याच्याच हॉटस्पॉटवर दिवस काढले जातात. मीही काढले. तिसऱ्या रात्री लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडलेलाच ठेवून झोपलो. त्याने गुपचूप सगळे अपडेट उतरवून घेतले, सकाळी महिन्याचा डेटा साफ! नेट बंद नव्हतं, नुसतं रांगत होतं. भाड्याचं घर बघायला निघालो होतो आणि नकाशा उघडेना.

चूक माझीच. मोबाइल असो की घरचं ब्रॉडबँड, दोन्हीकडे जाहिरातीत मोठा आकडा असतो, पण तो एकाच गोष्टीचा नसतो. मोबाइलवाले जीबी सांगतात, म्हणजे माप. ब्रॉडबँडवाले बहुतेक एमबीपीएस सांगतात, म्हणजे वेग. मग बहुतेकदा वापरा हवं तेवढं. (एमबीपीएसमधला 'बी' बिटचा, जीबीतला बाइटचा. ८ बिटांचा १ बाइट, त्यामुळे १०० एमबीपीएसला सेकंदाला साडेबारा एमबीच उतरतात.) तरीही त्या वेगाने ५० जीबीचा पॅक ६७ मिनिटांत फस्त होतो.

घरच्या फायबरचा मोठा खर्च रस्ता खणून ती टाकण्यात. एकदा पडली की तुम्ही रात्रभर सिनेमे बघा, कंपनीला फारसा फरक पडत नाही. टॉवरचं तसं नाही. स्पेक्ट्रम (सिग्नल वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरींचा पट्टा) मोजकं, तेच आसपासच्या सगळ्या फोनांत वाटायचं. म्हणून रेशन.

मोबाइलच्या 'अनलिमिटेड'ला भुलू नका. किती जीबीनंतर वेग कमी होतो आणि किती होतो, ते विचारा. १२८ केबीपीएसवर (एमबीपीएसच्या हजाराव्या भागाचं माप) आणला तर १ जीबी उतरायला १७ तास लागतात! हॉटस्पॉटची मर्यादा अनेकदा वेगळी असते, तीही विचारा.

ब्रॉडबँडची मेख करारात. १२ किंवा २४ महिने बांधून घेतात. राहायची जागा पक्की नसेल तर महिन्या-महिन्याचं, थोडं महाग पडलं तरी, घ्या. सवलतीचा दर कधी संपतो, राउटरचं भाडं किती, मधेच सोडलं तर दंड किती, हे सहीआधी. फाइव्ह-जीचा डबा 'होम इंटरनेट' म्हणून मिळतो, पण नेट येतं टॉवरवरूनच. घेण्याआधी शेजाऱ्याला विचारा, रात्री नऊला कसं चालतं.

आणि हो, विंडोजमध्ये हॉटस्पॉटच्या जोडणीला 'मीटर्ड' (म्हणजे डेटा मोजका आहे असं) करून ठेवा. बहुतेक अपडेट मग घरचं वाय-फाय लागेपर्यंत थांबतात.