उंदराचं हृदय, बोअरचं पाणी आणि माझी पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी विहिरीवर जुना पंप आहे. सुरू करायचा तर आधी त्यात कळशीभर पाणी ओतायचं, मग तो विहिरीतलं पाणी धरतो. हृदयाच्या पेशीत कॅल्शियम काय करतं ते मला या पंपामुळं कळलं, पुस्तकातल्या आकृतीवरून नाही. विजेचा संदेश आला की पेशीपटलावरची एल-टाइप कॅल्शियम चॅनेल्स उघडतात आणि बाहेरचं थोडंसं कॅल्शियम आत येतं. ही आपली कळशी. ते रायनोडिन रिसेप्टरला, म्हणजे आतल्या साठ्याच्या दाराला, लागलं की त्या साठ्यातून भसकन कॅल्शियम सुटतं आणि स्नायू आकसतो. मग सर्का नावाचा पंप ते परत साठ्यात ओढतो, थोडं सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजर बाहेर टाकतो, स्नायू सैल पडतो. रॅटच्या छातीत हे सगळं मिनिटाला तीनशेहून जास्त वेळा.

(मोठा तो रॅट, छोटा तो माऊस, दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. लॅबमध्ये म्हणू नका, औषधाचा डोस चुकतो.)

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात, मग बेळगावात बी.फार्म., फार्माकॉलॉजीत एम.फार्म. आणि तिथंच पीएच.डी. इंग्रजीची भीती सहा महिन्यांत गेली, पण अडलं ते कन्नडवर. प्राणीगृह सांभाळणारे मामा रॅटना 'इली' म्हणायचे. कुठल्या पिंजऱ्यातली इली कालपासून खात नाही, हे तेच सांगणार. कामापुरतं कन्नड शिकून घ्या. ते कागदावरच्या तपमानाच्या नोंदींपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

प्राण्यांवरच्या कामाला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. अर्जात किती प्राणी आणि का, हे मांडावं लागतं. मंजुरीआधी एकही प्राणी वापरायचा नाही, 'सरावासाठी' म्हणूनसुद्धा नाही.

आता मॉडेल, म्हणजे प्राण्यात हृदयाचा आजार मुद्दाम घडवण्याची पद्धत. आपल्याकडच्या कॉलेजांत हृदयाला जोरात पळवणारं आयसोप्रिनॅलीन हे औषध लोकप्रिय, कारण शस्त्रक्रिया लागत नाही. किलोला 85 मिलिग्रॅम, दोन दिवस, चोवीस तासांच्या अंतरानं, की हृदयाचा स्नायू मरायला लागतो. पण ही इजा झाली, हार्ट फेल्युअर नव्हे. प्रबंधाच्या शीर्षकात 'हार्ट फेल्युअर' लिहायचं असेल तर इकोकार्डिओग्राफीत पंपिंग घटलेलं दाखवावं लागतं. महाधमनी बांधून हृदयावर आठवडेच्या आठवडे दाब टाकणं किंवा कोरोनरी धमनी बांधणं, ही त्यापेक्षा अवघड पण प्रामाणिक वाट. मी धमनी बांधायला शिकलो. सुरुवातीचे काही प्राणी गेले. वहीतलं ते पान मी अजून उघडत नाही.

खरी परीक्षा पेशी सुट्या करण्याची. हृदय काढून मिनिटभरात लँगेनडॉर्फ उपकरणाच्या (काढलेल्या हृदयातून द्रावण फिरवणाऱ्या) नळीवर चढवायचं, आत हवेचा एक बुडबुडा जाऊ द्यायचा नाही. आधी कॅल्शियम नसलेलं द्रावण, मग कोलॅजिनेज (पेशींना बांधणारे धागे तोडणारं एन्झाइम), शेवटी कॅल्शियम पायरीपायरीनं परत. एकदम दिलं तर पेशी आकसून मरतात. जिवंत पेशी खानापूरच्या भट्टीतल्या विटेसारखी चौकोनी, लांबट दिसते, मेलेली गोल.

तीन महिने माझ्या हाती एकतर गोळे, नाहीतर न सुटलेला गठ्ठा. कोलॅजिनेजचा बॅच बदलला, तपमान बदललं, देवाला नारळ दिला. दोष पाण्यात निघाला. डिस्टिलेशनचं युनिट नीट चालत नव्हतं, बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम माझ्या 'कॅल्शियम नसलेल्या' द्रावणात उतरत होतं आणि पेशींची एकमेकींवरची पकड सुटत नव्हती. गंमत म्हणजे सिडनी रिंगर यांच्याकडे 1882-83 साली नेमकं उलटं घडलं होतं. लंडनच्या नळाच्या पाण्यात बनवलेल्या द्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राही, शुद्ध पाण्यात थांबे. त्यातूनच हृदयाला कॅल्शियम लागतं हे कळलं. विकतचं शुद्ध पाणी आणल्यावर माझ्या विटा पडायला लागल्या.

माझा प्रस्ताव म्हणत होता की आजारी हृदयात चॅनेलमधला प्रवाह घटलेला असणार. एकेका पेशीतला हा प्रवाह मोजणारा पॅच क्लॅम्प आमच्याकडे नव्हता, म्हणून दोन महिने बेंगळुरूच्या एका लॅबमध्ये राहून मोजलं. पेशीच्या आकारमानानं भागल्यावर प्रवाह जवळजवळ निरोगी पेशीइतकाच! दोन रात्री झोप नाही. मग वाचत गेलो तर कितीतरी मॉडेल्समध्ये असंच सापडलेलं. कळशी भरलेलीच असते, बिघाड पुढं असतो. सर्का कमी झालेला, त्याचा ब्रेक असलेलं फॉस्फोलॅम्बन त्याला जास्तच दाबून धरणारं, रायनोडिन रिसेप्टर गळका. पंपाचा फुटबॉल, म्हणजे पाण्यातल्या पाइपच्या टोकाची झडप, गळका असला की पाणी उतरून जातं, तसा साठा रिकामा. शिवाय टी-ट्यूब्यूल (पेशीपटलाच्या आत शिरलेल्या बारीक नळ्या) विस्कटल्यानं काही ठिकाणी चॅनेल आणि रिसेप्टरची समोरासमोरची जोडीच फुटलेली. कॅल्शियम दाखवणारा फ्युरा-2 हा चमकणारा रंग वापरून कॅल्शियमची लाट पाहिली तर ती बुटकी होती आणि उतरायला वेळ घेत होती. नवख्यानं चॅनेल आधी मोजू नये. आधी ही लाट बघावी. माझं वर्ष वाचलं असतं.

आणखी एक. रॅटमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त कॅल्शियम सर्काच परत ओढतो. माणसात आणि सशात हा वाटा सत्तरच्या आसपास, एक्स्चेंजरचं काम बरंच जास्त. म्हणून रॅटचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. हे मार्गदर्शकांनी सांगितलं होतं. मी व्हायवात अडकल्यावर ऐकलं.

गणपतीला गावी गेलो तेव्हा काका नवीन फुटबॉल बसवत होते. "उंदरं मारायला एवढं शिकायला लागतंय व्हय?" हे दरवर्षीचं झालं. मग हात पुसत म्हणाले, "त्या हृदयात नवीन पंप बसवता येत नाही काय रे?"

उंदरात बसवलाय, काका, असं मी सांगितलं. सर्काचं जनुक घातलं की प्राण्यांच्या हृदयाचं काम सुधारतं. माणसांत अडीचशे रुग्णांवर करून बघितलं, 2016 साली निकाल छापून आला. फरक पडला नाही.

"मग उंदरातच बरं चाललंय म्हण की," म्हणाले, आणि पंपात कळशी ओतली.